आक्कांचं दुपारचं जेवण

"किती दिलंस?" डॉक्टर जुगळेंनी विचारलं.

"दहा."

"नक्की?"

"डॉक्टर, दहा युनिट म्हणजे दहाच. बाटली चाळीसच्या मापाची, सुई लाल टोपीची, तीही चाळीसचीच. नाव विचारून दिलं, पोटावर दिलं, जेवण झाल्यावर दिलं. आणखी काय बघायचं राहिलं ते तुम्हीच सांगा."

डॉक्टरांशी या आवाजात बोलायची माझी पद्धत नव्हती, पण डोकं फिरलं होतं. आत पलंगावर गोदाक्का खराडे पडल्या होत्या. हाताला ग्लुकोज, ओठ पांढरे, केस घामानं कपाळाला चिकटलेले. दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन इन्सुलिन देऊन आले आणि थोड्या वेळानं शेजारणीनं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. साखर पार तळाला गेली होती. त्याच आठवड्यात असं दुसऱ्यांदा झालं होतं. पहिल्या वेळी घरच्या घरी तोंडात साखर घातली आणि निभावलं.

त्या वेळी मी तासगावात डॉक्टर जुगळेंच्या दवाखान्यात मदतनीस होते. नर्स नव्हे. सांगलीला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, तरी लोक सिस्टरच म्हणायचे, आणि मीही दुरुस्त करायला जात नसे. आक्कांची नजर अधू. सुनेला सुई बघितली की घेरी यायची. म्हणून दुपारची सुई द्यायला डॉक्टर मला त्यांच्या घरी पाठवायचे. आक्कांच्या खाण्याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांनी बजावलं होतं की जेवण झाल्यावर लगेच द्यायचं, आणि जेवण झालं नसेल तर हात लावायचा नाही. आमच्या कोर्सच्या बाई हाताच्या बोटांवर मोजून शिकवायच्या: माणूस बरोबर, औषध बरोबर, माप बरोबर, वेळ बरोबर, जागा बरोबर. माझी पाचही बोटं बरोबर होती आणि आक्का मरायला टेकल्या होत्या.

"रंजना," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण हे पुन्हा झालं तर मला तुला ठेवता यायचं नाही."

विश्वास आहे म्हणायचं आणि वर हे ऐकवायचं. मी दार ओढून घेतलं.

बाहेर आले तर पाण्याच्या पिंपापाशी शैलजाताई उभ्या होत्या. आक्कांची लेक, सांगलीत हायस्कूलला शिक्षिका. आईची बातमी कळली तशी शाळा सोडून आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, ती औषधाची बाटली आमच्या घरातच असते ना?"

"फ्रीजच्या दारात."

"आणि सुया?"

"त्याही तिथंच, डब्यात."

"म्हणजे कुणीही काढून टोचू शकतं."

"जयमालाबाईंना तर सुई बघितली की घेरी येते."

"असं ती म्हणते," शैलजाताई म्हणाल्या.

ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. जयमाला म्हणजे आक्कांची सून. नवरा द्राक्षाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले पंधरा दिवस केरळात. घरात सासू आणि सून, दोघीच. सून बोलायला गोड. मला तर ती जरा जास्तच गोड वाटायची. साखरेची सुरी म्हणतात ती अशीच असते, असं माझं मत तिथल्या तिथं बनलं. माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, रंजी निवडलेल्या तांदळातही खडा काढून दाखवेल.

"शनिवारी दादा येतोय," शैलजाताई म्हणाल्या. "त्याच्या आधी मला खात्री पाहिजे. खात्री झाली की वहिनीला त्या घरात ठेवणार नाही. पोलिसात द्यावं लागलं तरी देईन. तुम्ही रोज जाता. डोळे उघडे ठेवा."

मी हो म्हणाले. का म्हणणार नाही? एक तर माझ्या हातून चूक झाली होती, नाहीतर जयमालानं काहीतरी केलं होतं. माझ्या हातून झालेली नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर निघायच्या आत मला ते वांगं शोधायचं होतं.

आक्का दोन दिवसांनी घरी गेल्या. डॉक्टरांनी मला बोटातून थेंब काढून साखर बघायचं यंत्र दिलं आणि सांगितलं, आता हे बघितल्याशिवाय टोचायचं नाही, शंका आली तर फोन कर.

मी गेले तेव्हा जयमाला पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. बाजारपेठेतल्या एका दुकानासाठी ती ब्लाउज शिवायची. सकाळभर घरी शिवायचं आणि दुपारी माझी सुई झाली की शिवलेलं द्यायला जायचं, असा तिचा क्रम. मला बघून तिनं मशीन थांबवलं.

"या सिस्टर. आत्यांचं जेवण झालंय." सासूला ती आत्या म्हणायची, आमच्याकडं तशीच रीत. "मी वाढून दिलं आणि मग शिवायला बसले. ताटसुद्धा त्यांनी स्वतः घासलं. किती सांगते, राहू द्या म्हणून, ऐकत नाहीत."

मी काहीच विचारलं नव्हतं. न विचारता एवढं सांगणाऱ्या माणसाबद्दल मला शंका येतेच.

आत आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. काठी शेजारी, पदर डोक्यावर. मी आत आले की पावलांवरूनच ओळखायच्या.

"आक्का, जेवण झालं का?"

उत्तर द्यायच्या आधी त्यांनी मान दाराकडं वळवली. दारात जयमाला होती.

"झालं की, बाय," आक्का म्हणाल्या. "तुजं झालं का?"

"झालं झालं. पोटभर जेवलात ना?"

"व्हय की. पोटभर."

मी हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. ताट घासून पालथं घातलेलं. मागचं दार बोळात उघडायचं. त्याच्या पायरीवर शेळीच्या लेंड्या पडल्या होत्या. जयमाला लगबगीनं मागून आली आणि केरसुणी घेतली.

"शेजारच्या काशीबाईंची शेळी. आठवडा झाला, आमच्याच पायरीला चिकटलीय. हाकलली तरी येते."

माझं लक्ष शेळीकडं कुठलं? मी फ्रीज उघडला, बाटली उजेडात धरली आणि औषध होतं तिथं लेबलाच्या कडेला बॉलपेननं बारीक रेघ ओढली. जयमाला झाडता झाडता थांबून बघत होती.

"हे काय करताय?"

"आमची पद्धत आहे," मी म्हणाले.

आक्कांच्या बोटातून थेंब काढला. यंत्रावर आकडा आला, अठ्ठ्याऐंशी. जेवल्यावर आक्कांची साखर दोनशेच्या आत कधी नसायची.  कुणीतरी माझ्या आधीच टोचलं होतं, अशी माझी खात्रीच झाली. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आज देऊ नकोस, साखर घालून चहा पाज, थांबून परत बघ. मी तसं केलं. आक्कांनी चहा दोन घोटांत संपवला आणि कपात बोट फिरवून तळाची साखर चाटली.

मी सुई परत डब्यात ठेवली तशी जयमाला जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता.

"टोचलं नाही?"

"नाही."

"का?"

"साखर कमी आहे."

ती दारापर्यंत माझ्यामागं आली. आक्कांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? राग मानू नका. इतके दिवस तुम्ही टोचत होता. दोनदा आत्या पडल्या. आज तुम्ही टोचलं नाही. म्हणजे काहीतरी चुकतंय हे तुम्हालाच आधी ठाऊक होतं ना?"

घ्या. मी हिच्यावर नजर ठेवायला आलेली, आणि ही माझ्यावर.

"साखर कमी असताना टोचत नाहीत, एवढं कळतं मला," मी म्हणाले.

"मला एवढंच कळतं," ती म्हणाली, "की या घरात मी एकटी बाई आहे आणि सगळे माझ्याकडं बघायला लागलेत."

चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलं आणि सायकल काढली.

दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या मी आधी फ्रीज उघडला. रेघ जिथं होती तिथंच होती आणि औषधही रेघेलाच टेकलेलं. सुया मोजून ठेवल्या होत्या, त्याही पूर्ण. म्हणजे कुणी काही टोचलं नव्हतं. आता तरी आक्कांची साखर नेहमीसारखी चढलेली असायला हवी होती.

"आक्का, जेवण झालं का?"

"झालं की, बाय. तू जेवून आलीस न्हवं?"

"हो हो."

थेंब काढला. पुन्हा नव्वदीच्या आत. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. औषध जास्त जात नव्हतं, अन्न कमी जात होतं. ताट घासून पालथं घातलेलं दिसत होतं ते जेवून नव्हे. त्या ताटात वाढलेलंच काही नव्हतं. सून सासूला उपाशी ठेवत होती, आणि सासू तिच्या धाकानं झालं झालं म्हणत होती. उत्तर द्यायच्या आधी दाराकडं मान वळायची ती म्हणूनच. सगळं कसं नीट बसलं.

जयमाला पुढच्या खोलीत कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी आक्कांच्या जवळ सरकले.

"आक्का, खरं सांगा. जयमाला तुम्हाला जेवायला देते ना?"

आक्कांनी माझं मनगट पकडलं. म्हातारीच्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच विचारते."

"त्या पोरीचं नाव काढायचं न्हाई. माज्या तोंडात घास घालून मग घास घेती ती. शैलीनं काय भरवून दिलंय का तुला? सांग."

"नाही हो."

"मग आपलं काम कर आणि जा."

आवाज कापत होता. मला वाटलं भीतीनं कापतोय. भ्यालेलं माणूसच एवढं ओरडून गुण गातं. इथं पाणी मुरतंय याबद्दल मला आता तीळमात्र शंका उरली नव्हती. त्याही दिवशी चहा पाजला आणि सुई न देता आले. संध्याकाळी मी शैलजाताईंना फोन केला.

"जेवायला देत नसावी," मी म्हणाले.



"मी आईसाठी ओट्सची पाकिटं आणून दिली होती," शैलजाताई म्हणाल्या. "ती दवाखान्यात जायच्या आधीच्या रविवारी. साखरेला चांगलं म्हणून. दुपारी तेच द्यायचं, रात्री एक भाकरी, असं वहिनीला बजावून आले होते. तेवढं शिजवायचासुद्धा कंटाळा केला हिनं. उद्या मी रजा टाकून येते. तुमच्यासमोर विचारते. आणि उद्याच तिला माहेरी पाठवते."

मला बरं वाटलं. हे खरं सांगते. नोकरी वाचली म्हणून बरं वाटलं, आणि आपण हुशार निघालो म्हणून त्याहून जास्त.

तरी पुरावा हवा होता. तिसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. जेवायचा डबा उघडायलाही थांबले नाही, तो दवाखान्यात खिडकीतच राहिला. सायकल देवळापाशी लावली आणि मागच्या बोळातून खराड्यांच्या घराकडं गेले. स्वयंपाकघराची खिडकी बोळातच होती. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. चोरी पकडायला आलेली मी, आणि दिसायला मीच चोर दिसत असणार.

आत जयमाला होती. तिनं पाट मांडला, आक्कांना हाताला धरून बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. ताटात पांढरट, घट्ट, भिंतीला लावायच्या लांबीसारखं काहीतरी होतं, आणि वाफ येत होती. म्हणजे वाढत होती. मी डोळे फाडून खोट शोधत होते. जयमालानं बाहेरच्या दाराकडं एकदा बघितलं, फडताळातून बरणी काढली आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड त्या पांढऱ्याच्या खाली बोटानं दडवली.

"आत्या, खाली लोणचं आहे. ताईंना सांगू नका. गरम आहे तोवर खावा."

"खाते की. तू जा, तुजं काम पडलंय."

जयमालानं सासूचा पदर नीट केला आणि ती पुढच्या खोलीत गेली. मशीन सुरू झालं, खडखड खडखड.

आक्कांनी एक घास घेतला. तो त्यांनी तोंडात तसाच धरून ठेवला. गिळायचा प्रयत्न केला, अंग शहारलं, आणि घास परत ताटात आला. मग त्या उठल्या. ताट एका हातात, दुसरा हात भिंतीवर, चाचपत मागच्या दारापर्यंत आल्या. कडी अशी सरकवली की जराही वाजली नाही.

"ये गं," त्या म्हणाल्या.

बोळाच्या तोंडाशी उभी असलेली काशीबाईंची शेळी तुरुतुरु आली आणि पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. मी चार हातांवर होते. आक्कांच्या अधू नजरेला मी भिंतच दिसले असणार. शेळीनं ते ओट्स एका दमात चाटून साफ केले. अंगानं चांगली भरली होती ती आठवड्यात. लोणच्याची फोड मात्र तिनं हुंगून सोडून दिली. ती आक्कांनी उचलली आणि तोंडात टाकली, आणि चोखत चोखत मोरीत ताट घासायला बसल्या.

मला हसू फुटलं, ते पदरात दाबलं. मग भान आलं. त्या रिकाम्या पोटावर मी सुई देत होते. आणि आत मशीनवर जी बाई बसली होती, तिला मी काल संध्याकाळी फोनवरून घराबाहेर काढलं होतं.

मी पळत वळसा घालून पुढच्या दाराशी आले. शैलजाताईंची स्कूटर आधीच उभी होती.

आत मशीन थांबलं होतं. जयमाला हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज घेऊन उभी. शैलजाताईंनी आक्कांना पुढच्या खोलीत आणून खुर्चीत बसवलेलं.

"बरं झालं आलात, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आता सगळ्यांसमोर होऊ दे. आई, जेवलीस का?"

"झालं की," आक्का म्हणाल्या.

"सिस्टर, साखर बघा."

"ताई, त्याआधी मला जरा..."

"आधी साखर बघा."

मी थेंब काढला. चौऱ्याऐंशी. शैलजाताईंनी यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि जयमालाच्या डोळ्यांसमोर धरलं.

"हे बघ वहिनी. हे जेवलेल्या माणसाचं आहे? माझ्या आईला उपाशी ठेवतेस, आणि वर तिला खोटं बोलायला लावतेस. कपडे भर तुझे. दादाला काय सांगायचं ते मी सांगते."

जयमाला रडली नाही. तिनं ब्लाउजची घडी घातली आणि मशीनवर ठेवली.

"आत्या," ती म्हणाली, "मी तुम्हाला वाढलं का नाही?"

"वाढलं की."

"मग खाल्लंत ना?"

आक्का हातातल्या काठीचं टोक फरशीवर घासायला लागल्या.

"झालं म्हणते न्हवं मगापासनं?" त्या म्हणाल्या.

"बघितलंत?" शैलजाताई माझ्याकडं वळल्या. "तोंडातून दुसरं अक्षर काढत नाही. एवढा धाक."

मी आक्कांच्या समोर खाली बसले.

"आक्का, काय जेवलात?"

"आं?"

"काय जेवलात? ताटात काय होतं?"

इतक्या दिवसांत मी हे एकदाही विचारलं नव्हतं. जेवण झालं का, पोटभर झालं ना, एवढंच. ज्याला हो म्हणून सुटता येतं, तेवढंच. आक्कांचे ओठ हलले.

"भाकरी," त्या म्हणाल्या. "भाकरी, आणि वांगं."

जयमाला चमकली. "आत्या, भाकरी कुठं होती आज?"

"मग ते हे. ते पांढरं."

"कसं लागलं?" मी विचारलं. "का काशीबाईच्या शेळीला विचारून येऊ?"

 मग आक्कांनी पदर तोंडावर घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं हसतायत.

"ते गिळत न्हाई गं मला," पदराआडून त्या म्हणाल्या. "खळीवाणी लागतं. जल्म सारा ज्वारीची भाकरी खाल्ली मी. तोंडात घेतलं की मळमळतंय."

"मग सांगायचं ना, आई," शैलजाताई म्हणाल्या. "मला एक फोन केला असतास."

"काय सांगू? न्हाई जेवले म्हटलं, तर तू काय म्हणणार? वैनीनं घातलं न्हाई, हेच की न्हाई? आता काय म्हणालीस तू? हेच की."

शैलजाताई मशीनच्या स्टुलावर बसल्या.

"आणि मला तरी," मी म्हणाले. "मी रोज विचारत होते, आक्का. मला सांगितलं असतं तर मी सुई दिली नसती. तुम्ही मेला असता त्या सुईनं."

"तू बाहेरची, बाय." आक्कांनी पदर खाली घेतला. डोळे पाण्यानं भरले होते. "बाहेरची बाई दारातनं येऊन इचारती, जेवाण झालं का. तिला काय सांगू, घरात सून असून मी उपाशी हाय? गावभर काय ऱ्हाईल हिची अब्रू? आपल्यात झालं म्हणायचं असतं."

जयमाला सासूकडं बघत राहिली. मग ती खाली बसली, आक्कांच्या पायाशी, आणि तेव्हा कुठं रडली. आक्का तिच्या डोक्यावर हात फिरवायला गेल्या. हात आधी चुकून माझ्या डोक्यावर पडला, मग तिच्या.

मी डॉक्टरांना फोन केला आणि शेळीसकट सगळं सांगितलं.  ते म्हणाले, समोर बसून जेवू घाल, शेवटचा घास गिळेपर्यंत उठू नकोस, मग साखर बघ आणि मला आकडा सांग.

आत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. शैलजाताई फडताळापाशी गेल्या आणि ओट्सची पाकिटं एकेक करून आपल्या पिशवीत भरायला लागल्या. जयमालानं तव्यावरची भाकरी उलटली.

"ताई," ती मागं न बघता म्हणाली, "माझे कपडे भरायचे राहिलेत."

शैलजाताईंचा हात पिशवीतच थांबला.

"वहिनी, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

जयमालानं भाकरी उतरवून दुसरी तव्यावर टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "वांगं चिरून द्या, विळी तिथं आहे." शैलजाताई विळीवर बसल्या.

आक्का जेवल्या. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. मी समोर बसून प्रत्येक घास बघत होते, तर आक्का म्हणाल्या, अशी डोळं लावून बसलीस तर दिष्ट लागंल मला. तरी मी हलले नाही. नंतर साखर बघितली, डॉक्टरांना आकडा सांगितला, त्यांनी सांगितलं तेवढंच औषध भरलं आणि दिलं. त्यानंतर तासभर तिथंच बसून राहिले. आक्का भिंतीला टेकून घोरायला लागल्या. हात लावून बघितलं, अंग कोरडं होतं, घामाचा टिपूस नव्हता. मागच्या दाराशी शेळी येऊन दोनदा ओरडून गेली. कुणी दार उघडलं नाही.

मी पिशवी उचलली. जयमाला दारापर्यंत आली. हाताला अजून पीठ होतं. जायच्या आधी तिला काहीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, आणि शब्द सापडत नव्हते. फोन तर मीच केला होता. तो कुणी केला हे तिला ठाऊक होतं का नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमचं जेवण झालं का?"

"झालं झालं," मी चपलेत पाय घालत म्हणाले.

ती जागची हलली नाही.

"काय जेवलात?"

मी तोंड उघडलं. दवाखान्याच्या खिडकीत डबा तसाच होता. सकाळच्या चहानंतर पोटात काही गेलं नव्हतं आणि कावळे ओरडत होते. काय जेवले, ते मला काही केल्या सांगता येईना.

जयमाला आत गेली आणि पाट मांडल्याचा आवाज आला.

"चपला काढा," आतून ती म्हणाली. "भाकरी गरम आहे."

मी चपला काढल्या.